नूपुरची खोली आवरू नये

बालीगंज, कोलकाता
२ जुलै २०२४

ती. शैलावन्सं यांना शकुनचा नमस्कार.

पत्र अशासाठी लिहितेय, की फोनवर तुमचं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, मी इकडे घसा फोडते, आणि शेवटी दोघीही "बरं, बरं" म्हणून ठेवून देतो. शिवाय आज मला इतकं बोलायचंय की ते फोनवर मावायचं नाही.

आपल्या नूपुरला शेतकी विद्यापीठात जागा मिळाली! उत्तर बंगालात, कूचबिहारच्या बाजूला. चार वर्षं तिथेच होस्टेलमध्ये राहायचं. गच्चीवर फुटक्या बादल्यांमधून वांगी आणि मिरच्या काढणारी पोर, तिला दुसरं काय आवडणार? निकाल कळला तेव्हा हे देवापुढे पेढे ठेवायला गेले आणि चष्मा तिथेच विसरून आले, इतके हरखले होते.

पण आनंद धड होऊ देतील तर ती माणसं कसली! जूनमध्ये हिला अठरा पूर्ण झाली. मी हौसेनं श्रीखंड-पुरी केली. दुसऱ्याच दिवशी सरकारी कचेरीतून त्या विनीता मॅडमचा फोन. "अभिनंदन, तुमची केस बंद झाली." अहो, केस बंद म्हणजे काय? सहा वर्षांपूर्वी याच लोकांनी ही बारा वर्षांची मुलगी डमडमच्या बालगृहातून आणून आमच्या हाती दिली. दत्तक नाही, पालक-कुटुंब म्हणून सांभाळा म्हणाले. सांभाळली. आता अठरा झाली म्हणून कागदोपत्री ती आमची कुणी नाही. मुलगी काय विजेचं मीटर आहे बंद करायला?

मग होस्टेलचे कागद आले. त्यात "विद्यार्थिनीशी नातं" असा रकाना. ह्यांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी "स्थानिक पालक" लिहिलं. तिथला कारकून फोनवर म्हणतो, स्थानिक कसे, तुम्ही तर कोलकात्यात राहता. मेल्याचं बरोबरही होतं, म्हणून जास्तच राग आला.

पण पोर गुणाची हो. सहा वर्षांत स्वतःचं ताट एक दिवस घासायचं ठेवलं नाही. चादरीवर सुरकुती नाही, कसला हट्ट नाही, मागणं नाही. आमच्या क्षितिजचे ओले टॉवेल मी त्याचं लग्न होईपर्यंत खुर्चीवरून उचलले. आता त्याची बायको उचलते, इथेच कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या घरी. हिनं मात्र कधी रुमालसुद्धा इकडे तिकडे टाकला नाही.

कालपासून मी बांधाबांध काढली आहे. बदलीच्या नोकरीत आमचं अर्धं आयुष्य ट्रंकांत गेलं, तेव्हा सामान बांधणं मला कुणी शिकवायला नको. काय काय द्यावं ते तुम्ही कळवा. जन्मभर मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर होतात, तुम्हाला माहीत.

तुमची,
शकुन


पुणे
११ जुलै

प्रिय शकुन,

आधी नूपुरच्या पाठीवरून माझा हात फिरव. मग स्वतःच्या डोक्यावर थंड पाणी ओत.

तुझं पत्र वाचता वाचता मलाच दम लागला. त्यात तू आहेस, श्याम आहे, त्या मॅडम आहेत, कारकून आहे, क्षितिजचे टॉवेलसुद्धा आहेत. नूपुर काय म्हणते? मी दोनदा चष्मा पुसून शोधलं, तिचं एक वाक्य सापडलं नाही.

आणि बांधाबांध तू का करतेस? जाणार ती आहे ना? अठरा वर्षांच्या मुलीला स्वतःची पिशवी भरता येते. वाईट भरते, पण भरते.

काय द्यावं विचारतेस. कुलूप दे, बादली दे, मच्छरदाणी दे. बाकी तिथे मिळतं. लाडू पाठवलेस तर मैत्रिणी होतील.

श्यामला सांग, रकान्यात "काका" लिही. लहानपणापासून हा साधं उत्तर सोडून अवघड उत्तर शोधतो.

तुझी,
शैला


बालीगंज
२० जुलै

ती. वन्सं,

नूपुर काय म्हणते म्हणे! नूपुर म्हणते, "हो काकू." रजई देऊ? हो काकू. हिरवी सुटकेस की ट्रंक? हो काकू. आता यातलं कुठलं वाक्य तुम्हाला लिहून पाठवू?

आणि बांधाबांध मी करते कारण मला जमते. तुम्ही कधी बदलीवर गेला नाहीत, तुम्हाला नाही कळायचं. एक वस्तू मागे राहिली की जन्मभर तिची रुखरुख लागते. नागपूरला माझी पुरणाची चाळण राहिली, ती अजून आठवते. म्हणून आमच्या घरचा नियमच आहे: माणूस निघालं की त्याचं सगळं निघालं पाहिजे. काडी मागे ठेवायची नाही.

तर सगळं भरलंय. उन्हाळी, हिवाळी, रजई, शाळेतले कप, रंगाच्या पेट्या, येताना बरोबर आणलेली ती कापडी बाहुलीसुद्धा. कपाट रिकामं करून पुसून घेतलं, आत नवे कागद घातले. ह्यांनी ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं तिचं नाव आणि होस्टेलचा पत्ता घातला. इतकं सुबक अक्षर, कॅलेंडरवर छापावं असं. ट्रंक दाराशी आणून ठेवली आहे, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको.

खोलीला परवा रंग लावून घेतला. आमची हीच पद्धत, माणूस गेलं की भिंती स्वच्छ. पलंग सध्या उभा करून ठेवलाय. नूपुर बैठकीत गादीवर झोपते, तक्रार नाही. क्षितिज म्हणतो, आई, मी कधी इकडून काम करीन, तिथे माझं टेबल टाक. टाकू म्हटलं.

परवा रंगारी गेल्यावर ती त्या रिकाम्या खोलीत बराच वेळ उभी होती. मी विचारलं, "आवडला का गं रंग?" म्हणाली, "हो काकू. छान झाली खोली. कुणी येणार आहे का राहायला?"

मी म्हटलं, छे गं, कोण येणार? बघा, जातानाही दुसऱ्याची काळजी.

शकुन


बालीगंज
२७ जुलै

ती. वन्सं,

तुमच्या उत्तराची वाट बघायला मला धीर नाही. डोकं फुटायची वेळ आली आहे.

नूपुर जात नाही म्हणते!

काल संध्याकाळी चहा झाल्यावर अगदी शांतपणे सांगितलं. "काकू, मी कॉलेजला नाही जाणार. गडियाहाटला एका कपड्यांच्या दुकानात मुली हव्या आहेत, तिथे बोलून आले. बालगृहातल्या दोघी जणी डमडमला खोली घेऊन राहतात, त्यांच्यात माझी सोय होईल." म्हणजे सगळं ठरवून मोकळी! आणि मी इकडे लाडूसाठी बेसन भाजत बसलेय.

मी विचारलं, का? अभ्यासाची भीती वाटते का? नाही. तिथलं कुणी काही बोललं का? नाही. एवढ्या लांब जायचं नाही का? त्यावर खाली बघितलं. मग वन्सं, माझा तोल गेला. आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं, काकांनी या वयात कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, आणि तू साड्यांच्या घड्या घालत बसणार? नको नको ते बोलले. ही पोर ऐकून घेते आणि म्हणते, "तुम्ही खूप केलंत काकू. आता आणखी नको." उठली, माझा आणि स्वतःचा कप विसळला, पालथा घातला आणि गच्चीवर गेली. निदान उलटून बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं!

क्षितिज म्हणतो, आई, आजकालच्या मुलांना ब्रेक हवा असतो. त्याला म्हटलं, तू फोन ठेव आधी.

चौदा ऑगस्टच्या आत तिनं स्वतः तिथे हजर व्हायचंय. नाही झाली तर जागा दुसऱ्याला जाणार. झाडाझुडपांवर जीव असलेली मुलगी ती, तिचं नशीब असं हातानं लाथाडताना मी बघत बसू का? विनीता मॅडमना फोन केला, तर म्हणे, तिची केस आमच्याकडे नाही आता. धन्य आहे.

काय करू ते सांगा. स्पीड पोस्टानं सांगा.

शकुन


पुणे
१ ऑगस्ट

शकुन,

तुझी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. आता मी काय लिहिते ते बसून वाच, आणि रागावायचं असेल तर पूर्ण वाचून मग रागाव.

दरवर्षी होस्टेल उघडायच्या दिवशी मी फाटकाशी उभी राहायची. मुली सामान घेऊन यायच्या. जिच्या मागे घर आहे, ती मुलगी अर्धं सामान विसरून यायची. उशी नाही, चपलेचा जोड नाही, आई मागाहून पाठवेल म्हणायची. आणि एखादी यायची, ती सगळं घेऊन. जूनच्या उकाड्यात लोकरीची शाल, शाळेतली बक्षिसं, मोडकी बाहुली. तिचं सामान बघितलं की मला कळायचं, हिला परत जायला जागा नाही. दिवाळीला होस्टेल रिकामं झालं की तीच माझ्या दाराशी येऊन उभी राहायची. मॅडम, मी सुट्टीत इथेच राहिले तर चालेल का?

आता तूच लिहिलेलं तुला सांगते. कपाट रिकामं केलंस. बाहुली भरलीस. ट्रंक दाराशी ठेवलीस. पलंग उभा केलास. भिंती रंगवल्यास. तिथे क्षितिजचं टेबल येणार. मुलगी विचारते, कुणी येणार आहे का राहायला, आणि तू म्हणतेस तिला दुसऱ्याची काळजी! अगं बाई, ती स्वतःचं विचारत होती.

आणि ते ताट न ठेवणं, टॉवेल न टाकणं. तू त्याला गुण म्हणतेस. शकुन, पाहुणे असे वागतात. सहा वर्षं ती तुझ्या घरात पाहुण्यासारखी राहिली आणि तू तिचं कौतुक केलंस. कॉलेजला नाही म्हणत नाहीये ती. घालवून देण्याआधी आपण होऊन निघालेलं बरं, एवढंच तिला कळतंय.

तुझं मन मला माहीत आहे, तिला कसं माहीत असणार? तुमच्या बदल्यांची रीत तिला कुणी सांगितली होती?

तिला समजावायला जाऊ नकोस. तू बोलायला लागलीस की त्याचं भाषण होतं. ट्रंक उघड, निम्मं सामान कपाटात परत ठेव. तिच्या देखत.

शैला


बालीगंज
१२ ऑगस्ट

ती. वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी दिवसभर तुमच्याशी मनातल्या मनात भांडले. म्हटलं, पुण्यात बसून शहाणपण शिकवायला काय जातंय! पाहुणी काय, घालवून देणं काय! मग रागारागानं ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे हे तरी माझ्या बाजूनं बोलतील. हे ऐकून म्हणाले, "शकुन, आपण हिची बदली करून टाकली की गं."

त्यानंतर मला भांडता येईना.

ट्रंक दोघांनी ओढत परत खोलीत नेली. ह्यांनी पलंग आडवा केला, त्यात पाठ धरली, ती अजून धरलेलीच आहे. मी कपाट उघडून एकेक वस्तू लावायला घेतली. तेवढ्यात नूपुर गच्चीवरून आली आणि दारात थबकली.

"हे काय करताय काकू?"

"रजई इथेच राहू दे," मी म्हटलं. "डिसेंबरच्या सुट्टीत आलीस की काय पांघरशील?"

"मी यायचं?"

वन्सं, तिनं हे इतकं खरंखुरं विचारलं, की मी ओरडलेच. "नाही तर कुठे जाणार आहेस, मेले? दुर्गापूजेला होस्टेल बंद होणार, तेव्हा फाटकाशी बसणार आहेस का?"

तेव्हा मग ती बोलली. सहा वर्षांत बोलली नसेल इतकं बोलली. बालगृहात म्हणे मुलीला अठरा झाली की त्या दिवशी लुची आणि पायेस, म्हणजे आपली पुरी आणि खीर, करायचे. नवा ड्रेस द्यायचे. सगळ्या जणी टाळ्या वाजवायच्या. दुसऱ्या दिवशी तिची पेटी दाराशी. तिची चैताली दी अशीच गेली, आणि संध्याकाळी तिच्या पलंगावर दुसरी मुलगी झोपली होती. "कुणी वाईट नव्हतं काकू. सगळे प्रेमानंच करायचे. तुम्ही श्रीखंड-पुरी केलीत, मग ट्रंक काढलीत. मला वाटलं, इथेही तसंच असतं."

मी तिथेच पलंगावर बसून रडले, अगदी हमसून हमसून, आणि तीच माझी पाठ थोपटत बसली. उलटंच सगळं. मग तिला नागपूरच्या चाळणीची गोष्ट सांगितली. ती हसली. म्हणाली, "काकू, मग माझी बाहुली मागे ठेवा."

बाहुली कपाटात आहे. क्षितिजला सांगितलं, टेबल तुझ्या सॉल्ट लेकमध्ये टाक. ह्यांनी ट्रंकेच्या झाकणाच्या आत आपला बालीगंजचा पत्ता घातला. बाहेरचा पत्ता जायचा, आतला यायचा, म्हणे. मी म्हटलं, बाहेरच घालायचा होतात. पण रंग संपला होता.

परवा सियालदाहून गाडीत बसवून दिलं. हातावर दही घातलं, तिनं कपाळालाही लावून घेतलं, तिच्या बंगाली पद्धतीनं. आज सकाळी तिचा फोन आला, हजर झाली, खोलीही मिळाली. अर्धं सामान विसरून गेली आहे, उशीसकट. तुमच्या फाटकाशी आली असती तर तुम्ही खूश झाला असतात.

पण आता माझी अडचण ऐका. स्टेशनवरून परत आले आणि खोलीत डोकावले. ओला टॉवेल खुर्चीवर. सहा वर्षांत पहिल्यांदा! खिडकीत चहाचा अर्धा कप, पलंगाखाली एकच चप्पल, कंगव्यात केस. माझे हात शिवशिवतायत. कप विसळला, तो मात्र मुंग्यांमुळे. बाकीचं आवरू का नको?

शकुन


पुणे
२० ऑगस्ट

शकुन,

खबरदार! तिचं ती येऊन आवरेल. तू त्या खोलीत कशालाही हात लावायचा नाहीस.

उशी मात्र पाठव.

शैला


बालीगंज
८ ऑक्टोबर, पंचमी

ती. वन्सं,

तुमच्यामुळे आज मी माझ्याच घरात बोलणी खाल्ली. सविस्तर ऐका.

पूजेसाठी होस्टेल बंद झालं आणि नूपुर आज सकाळी आली. काळी पडली आहे, नखांत माती, बोलणं तर असं वाढलंय की ह्यांना मधे "हो का?" म्हणायलाही जागा मिळत नाही. तिथे त्यांना प्रत्येकीला एकेक वाफा दिलाय, त्यात हिची भेंडी सगळ्यांत आधी उगवली. आमच्या गच्चीवरची वांगी बघून म्हणाली, "काका, पाणी जास्त घालता तुम्ही." ह्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

बरोबर काय आणलं असेल? एक भलं मोठं पोतं. मी म्हटलं, बाई, तांदूळ आणलेस की काय. तर दोन महिन्यांचे मळके कपडे! ते तिनं पलंगावर ओतले आणि आतूनच ओरडली, "काकू! हे काय आहे?"

मी पोळी तव्यावर टाकून धावले. खुर्चीवरचा तो टॉवेल हातात धरून उभी. कोलकात्याच्या दमट हवेत दोन महिने तो तसाच. काळे ठिपके पडलेले, वास तर असा की सांगता सोय नाही. चांगला सोलापुरी टॉवेल हो.

"बुरशी आली आहे याला! ही चप्पलही इथेच? या घरात कुणी काही उचलतच नाही का? मी नसले की असंच चालतं का इथे?"

मी! मला! अख्ख्या संसारात काडी मागे न ठेवणारी बाई मी, आणि मला ही अठरा वर्षांची पोर गबाळी म्हणते! मी म्हटलं, "पुण्याच्या आत्यांनी सांगितलं होतं, हात लावू नको." तर म्हणाली, "म्हणून काय दोन महिने?" हे बाहेर पेपरमागे हसत होते. पेपर हलत होता, मला दिसलं.

इतका राग आला वन्सं, आणि इतकं बरं वाटलं, की पोळी करपली तरी कळलं नाही.

आता कपडे भिजत घातलेत. टॉवेल टाकून दिला. ती अंघोळ करून, नवा टॉवेल त्याच खुर्चीवर टाकून, मैत्रिणींबरोबर गल्लीतला पूजेचा मांडव बघायला गेली. खाली ते ढाक, इथले मोठे ढोल, वाजायला लागलेत, माझं डोकं उठलंय, म्हणून दारं लावून तुम्हाला लिहितेय.

सहा वर्षं ही मुलगी प्रत्येक गोष्ट विचारून करत आली. काकू, मी खाली जाऊ? काकू, मी पंखा लावू? आज जिन्यातून ओरडली, "काकू, मला उशीर होईल, माझं ताट झाकून ठेवा." विचारलं नाही. सांगून गेली.

झाकून ठेवलंय.

तुमची,
शकुन